पैनगंगा सरहद्द व कनेरगाव नाका

हैदराबाद संस्थान आणि ब्रिटिश अमलाखालील वऱ्हाड यांच्यामधील भूतपूर्व सीमारेषा व तीवरील एक गाव. कनेरगाव नाका हे गाव मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर भागात हिंगोली–वाशीम रस्त्यावर व पूर्णा–अकोला लोहमार्गावर वसलेले आहे. गावानजीक वाहणारी पैनगंगा नदी या टापूत बव्हंशी हिंगोली व वाशीम या दोन जिल्ह्यांची सीमा बनली आहे. गावाच्या नावातील ‘नाका’ हा शब्द जुन्या संस्थानी सरहद्दीची आठवण देतो. ही सरहद्द भाषा, जात, पीकपद्धती वा दळणवळण यांपैकी कशाच्याही आधारे आखली गेली नव्हती. लष्करी खर्चाच्या थकबाकीतून ती १८५३ मध्ये अस्तित्वात आली आणि सु. एक शतकभर एकाच भाषेच्या व एकाच नात्यागोत्याच्या लोकांना तिने दोन राज्यव्यवस्थांत विभागून ठेवले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात तिला आश्रयाची आणि लढ्याची सीमा म्हणून वेगळेच महत्त्व प्राप्त झाले.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : पैनगंगेचे दोन्ही काठ प्राचीन काळी एकाच राजकीय घटकाचे भाग होते. नदीच्या उत्तरेस असलेले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती. या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात नान्दीकट म्हणजे नांदेड प्रदेशातील एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे. त्यावरून वत्सगुल्मची सत्ता पैनगंगा ओलांडून दक्षिणेस गोदावरीच्या दिशेने पसरली होती, हे स्पष्ट होते. यादवकाळात औंढा नागनाथ हे शैवक्षेत्र भरभराटीस आले. तेथील मंदिराचा शिल्पसंपन्न जुना भाग त्या काळाची साक्ष देतो. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नर्सी आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी निगडित असलेले औंढा ही दोन्ही स्थळे याच परिसरात आहेत. या क्षेत्रांच्या यात्रांना वऱ्हाडातून, तर वाशीमच्या बालाजीच्या दर्शनास दक्षिणेकडून भाविक जात. राजकीय सीमा बदलल्या, तरी हा परिपाठ खंडित झाला नाही.

यादवांनंतर हा प्रदेश बहमनी, इमादशाही व निजामशाही सत्तांकडे क्रमाने गेला. १५९६ मध्ये अहमदनगरशी झालेल्या तहानुसार वऱ्हाड मोगलांकडे आले. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात वाशीम, पाथरी व माहूर ही सरकारे होती. सुभ्याचा विस्तार पैनगंगेच्या दक्षिणेसही असल्याने नदी ही त्या काळी सुभ्याची सीमा नव्हती. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत विजय मिळवून निजामुल्मुल्कने दक्षिणेत आपली सत्ता स्थापिली. त्यानंतर वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दोअमली कारभार दीर्घकाळ चालला. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश सोडावा लागला व तो निजामाकडे आला. अशा प्रकारे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पैनगंगेचे दोन्ही काठ पुन्हा एकाच सत्तेखाली होते.

हिंगोलीची छावणी : १८०० च्या तैनाती फौजेच्या तहानंतर निजामाच्या स्वतःच्या फौजेतही ब्रिटिशांचा शिरकाव झाला. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या पुढाकाराने सु. १८१३ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली शिक्षित पलटणी उभारण्यात आल्या. त्यांना प्रारंभी ‘रसेल ब्रिगेड’ व पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ असे नाव मिळाले. या फौजेचा खर्च निजामाने सोसावयाचा, मात्र तिच्यावरील नियंत्रण रेसिडेंटकडे राहावयाचे, अशी ही व्यवस्था होती. हिंगोली हे या फौजेचे एक प्रमुख ठाणे बनले.

या भागातील हटकर नाईकांचा उठाव मोडून काढण्यासाठी याच फौजेचा उपयोग करण्यात आला. नौसाजी नाईक यांच्या नोवा येथील गढीस मेजर पिटमन याच्या नेतृत्वाखाली वेढा घालण्यात आला आणि ३१ जानेवारी १८१९ रोजी ती हस्तगत करण्यात आली. गढीतील शिबंदीपैकी फार थोडे लोक वाचले. लढाईत भाग घेतलेल्या पलटणींना ‘नोवा’ हा रणसन्मान देण्यात आला. पेशवाई नष्ट झाल्यानंतरच्या वर्षातील हा प्रसंग होय. पिढ्यान्‌पिढ्या गढ्यांच्या आधारे सत्ता राखून असलेल्या स्थानिक नाईकांच्या सत्तेस त्याने मोठा हादरा बसला.

छावणीमुळे हिंगोलीत व्यापारी पेठ वाढली. विविध प्रांतांतील सैनिक व त्यांच्याबरोबर कारागीर, दुकानदार तेथे आले. परंतु फौजेचा बोजा संस्थानच्या तिजोरीस पेलेना. पगार भागविण्यासाठी पामर आणि कंपनी या सावकारी पेढीकडून भारी व्याजाने कर्ज काढण्यात आले. ती पेढी १८२४ मध्ये बुडाली, तरी फौजेची थकबाकी वाढतच गेली व ईस्ट इंडिया कंपनीने दिलेल्या आगाऊ रकमांचे रूपांतर राजकीय दडपणात झाले.

१८५३ चा तह : गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने थकबाकीच्या फेडीसाठी प्रदेशाची मागणी केली. निजाम नासिरुद्दौला याचा तीव्र विरोध असतानाही रेसिडेंट कर्नल लो याच्यामार्फत २१ मे १८५३ रोजी तह करण्यात आला. त्यान्वये वऱ्हाड, धाराशिव (नळदुर्ग) व रायचूर दुआब हे प्रदेश कंपनीच्या कारभाराखाली गेले. त्यांच्या उत्पन्नातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि ४ तोफखाने असलेली कंटिन्जंट फौज पोसावयाची होती. नावापुरते स्वामित्व निजामाचेच राहिले. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत करण्यात आले आणि ५० लक्ष रुपयांचे कर्ज माफ करण्यात आले. वऱ्हाड मात्र ब्रिटिशांकडेच राहिले [⟶ वऱ्हाड].

या घटनेतील विसंगती उल्लेखनीय आहे. ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड तोडण्यात आले, तिचे एक ठाणे असलेले हिंगोली निजामाच्या राज्यात राहिले आणि तेथून उत्तरेस थोड्या अंतरावर असलेले वाशीम ब्रिटिशांच्या कारभारात गेले. हिंगोली–वाशीम रस्त्याला अशा रीतीने मध्येच सरहद्द छेदून गेली.

१८५७ च्या उठावात कंटिन्जंटच्या औरंगाबाद येथील घोडदळात जून महिन्यात बंडाळी झाली व ती कठोरपणे दडपण्यात आली. फौजेचा बहुतांश भाग मात्र ब्रिटिशांच्या बाजूने राहिला व मध्य भारतातील मोहिमांत लढला. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी निजाम मीर महबूब अली खान व व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यातील करारानुसार वऱ्हाड वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या खंडाने ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले आणि कंटिन्जंट फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. हिंगोलीची छावणीही मोडली. सरहद्दीचे मूळ कारण अशा प्रकारे नाहीसे झाले. सरहद्द मात्र कायम राहिली.

सरहद्दीवरील जीवन : पैनगंगेच्या दोन्ही काठांवर काळी कसदार जमीन, ज्वारी व कापसाची शेती आणि मराठी भाषा समान होती; शासनव्यवस्था भिन्न होती. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवरील रयतवारी पद्धत लागू झाली आणि न्यायालयीन व महसुली व्यवहारात मराठी रूढ झाली. संस्थानात सर सालारजंग या दिवाणाने (कार. १८५३–८३) १८६५ मध्ये जिलाबंदी करून मक्तेदारांऐवजी पगारी अधिकारी नेमले. हिंगोलीचा समावेश पुढे परभणी जिल्ह्यात झाला. तथापि दिवाणी मुलखाबरोबरच जहागिरी व निजामाच्या खाजगी मालकीचा सर्फे-खास मुलूख हे घटक १९४९ पर्यंत टिकून राहिले. १८८० नंतरच्या दशकात फार्सीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली. संस्थानच्या लोकसंख्येत मराठी भाषकांचे प्रमाण सु. एकचतुर्थांश होते, परंतु वरिष्ठ शिक्षण व न्यायदान यांत मराठीला स्थान नव्हते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते.

नाण्यांतही भेद होता. संस्थानात हाली सिक्का, तर वऱ्हाडात कलदार रुपया चाले. १०० कलदार रुपयांस सु. ११६ हाली रुपये पडत. बाजारास नदीपलीकडे जाणाऱ्या शेतकऱ्यास विनिमयाची बट्टावळ सोसावी लागे. कालगणनेसाठी संस्थानी दप्तरात फसली सन वापरला जाई. संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरी म्हणजे सीमाशुल्क खात्याचे नाके होते व येणाऱ्याजाणाऱ्या मालावर सामान्यतः मूल्याच्या शेकडा ५ प्रमाणे जकात आकारली जाई. विवाहसंबंध, यात्रा, बैलबाजार आणि शेतमजुरी यांसाठी लोक सतत सरहद्द ओलांडत. त्यामुळे नाका हे संस्थानी सत्तेचे ग्रामीण जनतेस नित्य दिसणारे रूप ठरले.

कापूस व लोहमार्ग : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला व वऱ्हाडी कापसाला एकाएकी मोठी मागणी आली. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. १८७० मध्ये खामगाव शाखामार्ग सुरू झाला. अकोला, खामगाव या बाजारपेठा वाढल्या व त्यांचा प्रभाव पैनगंगेच्या दक्षिणेसही पोहोचला. हिंगोली ही कापसाची पेठ म्हणून पुढे आली. परंतु उत्तरेकडील बाजाराशी होणाऱ्या तिच्या व्यापारावर करोडगिरीचा बोजा होता.

मनमाड–सिकंदराबाद हा हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. त्याचा पूर्णा–हिंगोली हा मीटरमापी फाटा १९१२ मध्ये सुरू झाला आणि हिंगोली येथेच थांबला. उत्तरेस अकोल्यापर्यंत लोहमार्ग नेऊन दोन मोठे मार्ग जोडण्यात भूरचनेची फारशी अडचण नव्हती. तरीही संस्थानच्या मालकीचा मार्ग व ब्रिटिश प्रांत यांमधील हा दुवा संस्थान विलीन होईपर्यंत अपुराच राहिला. खांडवा–अकोला–हिंगोली जोडमार्ग १९६० च्या सुमारास पूर्ण झाला, तेव्हाच हिंगोलीची गाडी वाशीम, अकोल्यास जाऊ लागली. या मार्गाच्या पूर्णा–अकोला भागाचे रुंदमापी रूपांतर २००८ मध्ये झाले.

संघर्षाची वर्षे (१९३८–४८) : वऱ्हाडात सभा, वृत्तपत्रे व राजकीय पक्ष यांना असलेली मर्यादित मोकळीक संस्थानात नव्हती. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या फर्मानानुसार सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक होती. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती औपचारिकपणे स्थापन होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. त्याविरुद्ध २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह झाला. आर्य समाज व हिंदुमहासभा यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे सत्याग्रह केले. ‘वंदे मातरम्’ गायनाच्या प्रश्नावरून उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकण्यात आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. संस्थानात बंद झालेली वाट सरहद्दीपलीकडे उघडते, हा अनुभव पुढील लढ्यात उपयोगी ठरला.

स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान याने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. त्यास उत्तर म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळण्यात आला. नेत्यांची धरपकड झाल्यावर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने संस्थानाबाहेरून लढा चालविला. मनमाड, सोलापूर, बार्शी यांप्रमाणेच पैनगंगेपलीकडे उमरखेड (जि. यवतमाळ) येथेही सशस्त्र केंद्र उभे राहिले. शिंदीची झाडे तोडून आबकारी उत्पन्न बुडविणे, जंगल सत्याग्रह, गावपातळीवरील दप्तरांची होळी आणि करोडगिरी नाक्यांवरील हल्ले हे कार्यक्रम त्यातून राबविले गेले. नाका हा संस्थानी सत्तेचा सर्वांत उघडा व सरहद्दीस सर्वांत जवळचा भाग असल्याने तो हल्ल्यांचे स्वाभाविक लक्ष्य ठरला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घालून सु. २१ लक्ष रुपये लढ्यासाठी नेण्यात आले.

याच काळात कासिम रझवी याच्या नेतृत्वाखाली मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनच्या रझाकार दलाने गावोगाव दहशत निर्माण केली. लूट, जाळपोळ व हत्या यांमुळे सरहद्दीलगतच्या खेड्यांतील असंख्य कुटुंबे गुरेढोरे व चीजवस्तू घेऊन वऱ्हाडात आश्रयास गेली. वसमत तालुक्यातील वापटी येथील बहिर्जी शिंदे रझाकारांशी लढताना हुतात्मा झाले. वसमतचे हुतात्मा बहिर्जी स्मारक महाविद्यालय हे त्यांचे स्मारक होय. या लढ्यास केवळ हिंदु-मुसलमान संघर्ष मानणे वस्तुस्थितीस धरून नाही. गावपातळीवर देशमुख, पटवारी, जहागीरदार व कुळे यांचे हितसंबंध गुंतलेले होते. विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या मुसलमानांनाही किंमत मोजावी लागली. इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

लष्करी कारवाई व तिचे परिणाम : २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार निष्फळ ठरल्यावर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी सेनापती एल इद्रूस याने मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पतकरली. रझाकारांच्या दहशतीतून जनतेची सुटका झाली व विस्थापित कुटुंबे परतू लागली.

त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र संस्थानच्या अनेक भागांत मुसलमान रहिवाशांवर सूडाचे हल्ले झाले. त्यांत रझाकारांशी संबंध नसलेलेही बळी पडले. केंद्र सरकारच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील समितीने नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ मध्ये नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. तिने मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी, असा अंदाज नोंदविला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे समितीचे मत होते. शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांचे रक्षण केल्याची उदाहरणेही तिने नमूद केली. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्याने सरहद्दीच्या इतिहासातील पहिले पर्व स्मारकांतून जतन झाले, तर दुसरे पर्व बहुधा कुटुंबांच्या आठवणींतच उरले. या वर्षांचे आकलन होण्यासाठी दोन्ही पर्वे एकत्र पाहणे आवश्यक आहे [⟶ हैदराबाद मुक्तिसंग्राम].

एकीकरण व उत्तरकाळ : १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यांना संरक्षण मिळाले. हाली सिक्का पुढील दशकात चलनातून गेला व सरहद्दीवरील जकातही संपुष्टात आली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा व विदर्भ यांच्या महाराष्ट्रातील स्थानाविषयी आश्वासने देण्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १८५३ नंतर १०३ वर्षांनी पैनगंगेचे दोन्ही काठ एका राज्य शासनाखाली आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी आणि परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ (२०११) होती. पैनगंगेवरील इसापूर धरणाने ही नदी सिंचनासाठी दोन्ही प्रदेशांस जोडली. मात्र धरणाच्या पाण्याच्या वाटपावरून नवे वादही निर्माण झाले.

जुनी सरहद्द प्रशासनात अन्य रूपाने टिकून आहे. नदीच्या दक्षिणेस मराठवाड्याचा, तर उत्तरेस अमरावतीचा महसूल विभाग आहे. प्रादेशिक असमतोलाची पाहणी करणाऱ्या दांडेकर समितीने (१९८४) विकासाचा अनुशेष विभागवार मोजला. १९९४ मध्ये मराठवाडा व विदर्भ यांसाठी स्वतंत्र वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली व त्यांची मुदत २०२० मध्ये संपली. दप्तरांतील भेदाचा परिणाम याहून दूरगामी ठरला आहे. वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबांच्या ‘कुणबी’ अशा नोंदी विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत. मराठवाड्यातील अनेक कुटुंबांना तशी नोंद दाखविता येत नाही. परिणामी नदीच्या दोन काठांवरील सोयऱ्याधायऱ्यांच्या घराण्यांना आरक्षणाच्या संदर्भात भिन्न स्थान प्राप्त झाले. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींना प्रमाणपत्राच्या कार्यपद्धतीत स्थान दिले. फौजेच्या पगाराच्या थकबाकीतून १८५३ मध्ये आखली गेलेली रेषा अशा रीतीने एकविसाव्या शतकातही या भागातील शेतकऱ्यांच्या कागदपत्रांत आढळते.